मधली मोकळी जागा

मोटार चालविण्याचें कौशल्य कोणाच्या अंगीं किती, याचा निवाडा करावयाचा असेल तर तो चालविणाराला विचारूं नये. मागच्या आसनावर बसलेल्या माणसाला विचारावा. चालविणाराच्या हातांत चाक असतें, पायाखालीं ब्रेक असतो, पुढें काय होणार हें त्याला क्षणभर अगोदर ठाऊक असतें. आणि त्यामुळें स्वतःच दिलेला धक्का त्याच्या अंगाला लागत नाहीं. मागचा मनुष्य मात्र खिडकीबाहेर पाहात असतो, किंवा डोळे मिटून बसलेला असतो. त्याची मान एकदां पुढें जाते, एकदां मागें येते. आणि दर खेपेला चालविणाराच्या स्वभावाविषयीं त्याला कांहीं तरी नवीन कळतें. मोकळ्या रस्त्यावर सगळेच बरी गाडी चालवितात. खरी परीक्षा होते ती दहा पावलें चालावें आणि थांबावें, पुन्हां दहा पावलें चालावें आणि पुन्हां थांबावें, अशा कोंडींत. तेथें वेग कोणाच्याच हातीं नसतो. निघावें कसें आणि थांबावें कसें, एवढेंच काय तें प्रत्येकाच्या हातीं उरतें.

मागच्या आसनाचें हें माहात्म्य ज्या एका गृहस्थानें सर्वांत चांगलें ओळखलें, तो आंधळा होता. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत राल्फ टीटर नांवाचा एक इंजिनियर होऊन गेला. वयाच्या पांचव्या वर्षीं अपघातानें त्याची दृष्टि गेली. तरीही तो इंजिनियर झाला, आणि मोटारींच्या इंजिनांना लागणारीं पिस्टनचीं कडीं तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या अध्यक्षपदापर्यंत चढला. त्याच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, त्याचा वकील त्याला आपल्या गाडींतून नेत असे तेव्हां बोलतां बोलतां गाडीचा वेग कमी करी आणि ऐकतां ऐकतां वाढवी. डोळस उतारूला हा हेलकावा कदाचित् जाणवलाही नसता; टीटरला तो असह्य होई. त्यांतून गाडीचा वेग एकसारखा राखणारें यंत्र तयार करण्याचें त्यानें मनावर घेतलें. १९५० सालीं त्याला त्या यंत्राचें पेटंट मिळालें, आणि १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांतून तें प्रथम विक्रीस आलें. ज्याला आज आपण ‘क्रूझ कंट्रोल’ म्हणतों त्याचा उगम असा एका उतारूच्या वैतागांत आहे.

मला टीटरची आठवण करून दिली ती माझ्या आईच्या मणक्यानें. २०२४ सालच्या जून महिन्यांत, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, देवघरांतून उठतां उठतां तिच्या पाठींत एकाएकीं कळ आली. हाडें ठिसूळ झाल्यामुळें कमरेच्या वरचा एक मणका दबला होता. शस्त्रक्रियेचें कारण नव्हतें. कमरेला पट्टा, कांहीं औषधें, आणि दर मंगळवारीं परळच्या एका रुग्णालयांत जाऊन तपासणी व व्यायाम, एवढ्यावर भागणार होतें. ‘‘मात्र प्रवासांत धक्के बसूं देऊं नका,’’ असें डॉक्टरांनीं जातां जातां सांगितलें. आम्ही राहतों ठाण्याला, घोडबंदर रस्त्याच्या कडेला. तेथून परळ तीसएक किलोमीटर. मेट्रोच्या बांधकामाचे पत्रे, तीन हात नाका, आनंदनगर, ऐरोलीचा फांटा, विक्रोळी, छेडानगर, शीव, असे एकामागून एक कोंडीचे मुक्काम घेत सकाळच्या प्रहरीं तेथें पोंचावयास दोन दोन तास लागतात. अशा रस्त्यानें जावयाचें आणि धक्के बसूं द्यावयाचे नाहींत, हें सांगणें म्हणजे पावसांत जाऊन कोरडा परत ये असें सांगण्यासारखें आहे. खड्ड्यांवर माझी सत्ता नव्हती. ब्रेकवर होती.

आमच्या गाडींत ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ ही सोय होती. २०२३ सालीं गाडी घेतली तेव्हां विक्रेत्यानें इतर वीस गोष्टींबरोबर तीही दाखविली होती, आणि त्या वीस गोष्टींबरोबर तीही तशीच पडून राहिली होती. टीटरचें यंत्र नेमून दिलेला वेग तेवढा राखी. पुढें कोण आहे याचा त्याला पत्ता नसे. पुढच्या वाहनाकडे पाहून आपला वेग कमीजास्त करणारें यंत्र पुष्कळ उशीरा आलें. १९९५ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनीनें लेसरच्या किरणांनीं अंतर मोजणारी एक सोय बाजारांत आणली. पण ती ब्रेक लावीत नसे, नुसतें इंजिन मंद करी आणि गिअर उतरवी. १९९९ सालीं जर्मनीच्या मर्सिडीझ कंपनीनें रडारची आणि ब्रेकची सांगड घातली. आणि २००५ सालीं त्याच कंपनीच्या नव्या गाडीला पुढच्या गाडीमागें पुरतें थांबण्याची, आणि चालकानें खूण करतांच पुन्हां तिच्या मागें निघण्याची विद्या साधली. कोंडींत अडकलेल्या माणसाच्या दृष्टीनें खरी सुरुवात ती. २०२१ पासून आपल्याकडच्या मध्यम किंमतीच्या गाड्यांतही ही विद्या येऊं लागली.

तिची रीति समजावयास अवघड नाहीं. गाडीच्या नाकाशीं बसविलेलें रडार सेकंदाला सुमारें सात हजार सातशें कोटि कंपनांच्या लहरी पुढें सोडतें. लहर पुढच्या गाडीवर आदळून परत यावयास किती वेळ लागला यावरून अंतर समजतें. आणि परत आलेल्या लहरीचीं कंपनें किती बदललीं यावरून ती गाडी जवळ येत आहे कीं दूर जात आहे हें समजतें. स्टेशनावर न थांबणारी आगगाडी शिट्टी वाजवीत आपल्या जवळून निघून गेली म्हणजे शिट्टीचा सूर एकदम उतरतो. त्या चमत्काराचा नियम डॉप्लर नांवाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडला, तोच येथें कामास येतो. पुढच्या कांचेच्या वरच्या अंगाला एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पट्टे आणि वाहनांचे आकार ओळखतो. चालकानें सांगावयाच्या गोष्टी दोनच: जास्तींत जास्त वेग किती, आणि पुढच्या गाडीपासून अंतर किती. हें अंतर मीटरांत सांगत नाहींत. पडद्यावर एक ते चार रेघा उमटतात. आमच्या गाडींत एक रेघ म्हणजे सुमारें एका सेकंदाचें अंतर, आणि चार रेघा म्हणजे दोन सेकंदांहून थोडें अधिक.

आईला यांतलें कांहीं सांगितलें नव्हतें. ती मागें, पाठीला उशी लावून, माझ्या पत्नीच्या शेजारीं बसे. दहाच्या ठोक्याला तिची गोळी असे, आणि त्यासाठीं ती पाण्याचें एक फुलपात्र हातांत धरी. मुलुंडच्या पुढें कोठें तरी हा गोळीचा प्रसंग येई. एके दिवशीं फुलपात्रांतलें पाणी लुगड्यावर सांडलें तेव्हां ती शांतपणें म्हणाली, ‘‘आतां कोण चालवतंय रे? तूं कीं दुसरं कोणी?’’ मी थक्क झालों. यंत्र चालूं होतें, हें तिला कळण्याचा कांहीं मार्ग नव्हता. ‘‘तुला कसं कळलं?’’ असें मीं विचारलें. ती म्हणाली, ‘‘तूं आधीं थोडा दाबतोस, मग जास्त. हा आधीं दाबीतच नाहीं, आणि मग एकदम दाबतो.’’

तिच्या या दोन वाक्यांत त्या यंत्राचें सारें गुणदोषवर्णन आलें होतें. पुढची गाडी सरळ चालली असेल तोंवर यंत्राइतका सोशिक चालक नाहीं. त्याला घाई नाहीं, राग नाहीं, शेजारच्या रांगेंतील मनुष्य आपल्यापुढें गेला याची खंत नाहीं. पण त्याला पाहावयास शिकविलें आहे तें मुख्यतः एकाच गोष्टीकडे: नाकासमोरच्या वाहनाकडे. त्या वाहनापुढचीं चार वाहनें थांबलीं, त्यांचे तांबडे दिवे लागले, हें मला दिसतें; यंत्राला, निदान आमच्या गाडींतील यंत्राला, त्याचें सोयरसुतक नाहीं. डाव्या बाजूच्या रिक्षेचें पुढचें चाक किंचित् वळलें, म्हणजे आतां ती आंत घुसणार हें ठाण्यांतलें शाळकरी पोरही सांगेल. यंत्राला ती पुरती समोर येईपर्यंत तिचें अस्तित्व मान्य नसतें. मग तें दचकतें, आणि फुलपात्रांतलें पाणी सांडतें.

कारखान्यांतून गाडी आली तेव्हां अंतराची खूण एका रेघेवर होती. ती मीं चारांवर नेली. चार रेघा ठेवल्या म्हणजे यंत्राला दचकण्याचें कारण कमी उरतें. कोणी आंत शिरलें तरी जागा पुष्कळ असल्यामुळें तें सावकाश मागें सरतें. पण चार रेघांचें अंतर आमच्या रस्त्यावर राखणें म्हणजे काय, हें बाहेरगांवच्या वाचकाला सांगितलें पाहिजे. ताशीं वीस किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दोन सेकंदांत अकरा मीटर जाते. अकरा मीटर म्हणजे तीन रिक्षांनीं ऐसपैस उभें राहावें एवढी जागा. आणि मुंबईच्या आसपास मोकळी जागा ही कोणाच्या मालकीची वस्तु नसते. लोकलगाडींत तिघांच्या बांकावर चवथ्यानें येऊन ‘‘जरा सरका’’ म्हणावें, आणि तिघांनीं मान वर न करतां सरकावें, हा येथला कुळाचार आहे. गाडीच्या बांकावर आपण निमूटपणें सरकतों. कित्येकदां नव्या येणाऱ्याला आपणच खुणेनें बोलावतों. तोच मनुष्य रस्त्यावर मोटारींत बसला, आणि त्याच्यापुढच्या अकरा मीटरांत कोणी शिरलें, कीं त्याला आपल्या घराची भिंत फोडून कोणी आंत आल्यासारखें वाटतें. मागच्याला तर त्याहूनही वाटतें. त्याचा हॉर्न सांगत असतो कीं, पुढें इतकी जागा रिकामी असतांना तुम्ही ती भरीत कां नाहीं?

या रागाची किंमत किती, हें एका मंगळवारीं माझ्या पत्नीनें काढलें. ठाण्यापासून शीवपर्यंत आमच्यापुढें किती वाहनें शिरलीं तीं तिनें बोटांवर आणि मग औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मोजलीं. तीं चौतीस भरलीं. त्यांतलीं नऊ पुढें केव्हां तरी दुसऱ्या रांगेंत निघून गेलीं. उरलीं पंचवीस. रांगेंत एक वाहन आपल्यापुढें आलें म्हणजे आपला उशीर तो किती? त्या वाहनाला जेवढी जागा लागली तेवढा. म्हणजे ढोबळ मानानें दोन सेकंद. पंचवीस वाहनांचे झाले पन्नास सेकंद. दोन तासांच्या प्रवासांत पन्नास सेकंद! ज्या एका गोष्टीसाठीं आमचें शहर दररोज इतके हॉर्न वाजवितें आणि इतक्या शिव्या खर्चितें, तिचा हिशेब एक मिनिटसुद्धां भरत नाहीं. आईनें तो ऐकला आणि म्हणाली, ‘‘एवढ्यांत तर माझी गोळीही गिळून होत नाहीं.’’

पण मोकळ्या जागेचा उपयोग केवळ एका म्हातारीच्या पाठीपुरता नाहीं. जपानमधील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत विचार करावयास लावणारा आहे. त्यांनीं २३० मीटर परिघाच्या एका वर्तुळावर २२ मोटारी सोडल्या, आणि ताशीं सुमारें तीस किलोमीटर वेगानें फिरत राहा एवढेंच चालकांना सांगितलें. वाटेंत सिग्नल नाहीं, खड्डा नाहीं, आडवी गल्ली नाहीं. थोडा वेळ सारें सुरळीत चाललें. मग कोणी तरी किंचित् हळू झालें. मागचा त्याहून थोडा अधिक हळू झाला. त्याच्या मागचा त्याहून अधिक. आणि शेवटीं कोठें तरी एक गाडी साफ थांबली. ती थांबण्याची लाट मग ताशीं सुमारें वीस किलोमीटर वेगानें उलट दिशेनें, गाडीमागून गाडी, फिरत राहिली. कोंडी झाली, ती करणारा कोणी नव्हता. विक्रोळीला अर्धा तास खोळंबून पुढें गेल्यावर ना अपघात दिसतो, ना बंद पडलेला टेंपो, आणि ‘‘मग थांबलों होतों कशासाठीं?’’ असें आपण विचारतों, त्याचें उत्तर कित्येकदां हेंच असतें. कोणी तरी पुढें जोरानें ब्रेक दाबला, आणि मागच्या प्रत्येकानें त्यांत थोडीशी भर घालून तो पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला.

ही लाट अडविणारी वस्तु म्हणजे मधली मोकळी जागा. ज्याच्यापुढें जागा आहे त्याला पुढच्याचा धक्का तसाच्या तसा मागें पोंचविण्याची गरज पडत नाहीं. तो त्या जागेंत जिरतो. अमेरिकेंत अ‍ॅरिझोना प्रांतांत २०१६ सालीं असाच वर्तुळाचा प्रयोग झाला. त्यांत सुमारें वीस गाड्यांमध्यें एक गाडी यंत्रानें, मुद्दाम संथ राखलेल्या वेगानें चालविली. आणि त्या एका गाडीमुळें सगळ्या वर्तुळांतली लाट विरली. २०२२ च्या नोव्हेंबरांत नॅशव्हिल शहराजवळच्या महामार्गावर रोजच्या रहदारींत अशा शंभर गाड्या सोडून हीच कल्पना ताडून पाहण्यांत आली. तेव्हां यंत्र आलें म्हणजे कोंडी मिटली, असें कोणी समजेल तर मात्र जरा थांबावें. २०१९ सालीं पुढें आलेल्या एका अभ्यासांत बाजारांत मिळणाऱ्या सात निरनिराळ्या गाड्यांचीं हीं यंत्रें तपासलीं, तेव्हां पुढच्याचा लहान धक्का मागें पोंचवितांना तीं सातही तो वाढवितात, असें आढळलें. एकानें आपल्या गाडीचा वेग संथ राखण्यासाठीं केलेलें यंत्र आणि पुढच्याच्या मागोमाग धांवण्यासाठीं केलेलें यंत्र हीं बाहेरून सारखींच दिसतात, स्वभाव निराळे. बाजारांतल्या यंत्राला संथपणा शिकवावा लागतो, आणि तो शिकविण्याचें काम विकत घेणाराच्या गळ्यांत पडतें.

मीं तें कसें केलें तें थोडक्यांत सांगतों. ज्यांच्या घरीं अशी गाडी आणि असें दुखणें आहे त्यांना कदाचित् उपयोग होईल. अंतर नेहमीं चार रेघांवर. वेगाची मर्यादा मात्र रस्त्याच्या मर्यादेवर नव्हे, तर समोर चाललेल्या रांगेच्या वेगाहून पांच-सातच किलोमीटर अधिक. रांग पंचवीसनें चालली असेल तर मर्यादा तीस. ऐंशीची मर्यादा देऊन ठेवली तर पुढें दहा मीटर मोकळे होतांच यंत्र उधळलेल्या खोंडासारखें धांवतें, आणि लगेच त्याला आवरावें लागतें. तीसची दिली तर तें उठतें सावकाश आणि बसतेंही सावकाश. गाडी थांबल्यावर पुढची तीन सेकंदांच्या आंत हलली तर आमची आपोआप निघते. अधिक वेळ गेला तर बटण दाबावें लागतें, किंवा अ‍ॅक्सिलरेटरला पायाचा स्पर्श करावा लागतो. हा स्पर्श मी तांतडीनें करीत नसें. पुढची गाडी एक-दोन गाड्यांचें अंतर गेली म्हणजे मग करीं. त्यामुळें पुष्कळदां पुढच्या थांब्याला आम्हांला थांबावेंच लागत नसे, सरपटत जातां जातां रांग पुन्हां निघे. पुढें चार गाड्यांवर तांबडे दिवे दिसले, किंवा रिक्षेचें चाक वळलेलें दिसलें, कीं यंत्राच्या अगोदर मीच ब्रेकला हलकें बोट लावावें तसा पाय लावीं. त्यानें यंत्र बंद होतें, हें खरें. पण तें पुन्हां चालूं करावयास एक बटण पुरतें. आणि जेथें दुचाक्या मधमाशांसारख्या चारी बाजूंनीं येतात, अशा तीन हात नाक्यावर, शीवच्या पुढें शहरांत, आणि मुसळधार पाऊस लागला असतां, मी तें मुळीं वापरीतच नसें. अरुंद, आडवी येणारी सायकल ओळखणें हा त्याचा प्रांत नाहीं.

श्रावण संपेपर्यंत आईला मी आणि यंत्र यांतला भेद ओळखतां येईनासा झाला. ती अधूनमधून ‘‘आतां कोण?’’ म्हणून विचारी, स्वतःच उत्तर देई, आणि तें निम्म्या वेळां बरोबर येई. फुलपात्र मात्र ती दोन्ही हातांनींच धरी.

येथें एक धोका आहे, आणि तो यंत्र बिघडण्याचा नाहीं. चांगलें चालण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहात बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेंतून खुणा निसटूं लागल्या, तेव्हां मॅकवर्थ नांवाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानें घड्याळासारखी एक तबकडी करून लोकांना तिच्यापुढें बसविलें. कांटा ठराविक अंतरानें एकेक पाऊल पुढें सरके. क्वचित् एकदम दोन पावलें सरके, आणि तेवढेंच ओळखावयाचें. १९४८ सालीं त्यानें मांडलेला निष्कर्ष असा कीं, पहिल्या अर्ध्या तासांतच माणसाची पकड सैल होऊं लागते. ज्या कामांत बहुतेक वेळ कांहींच घडत नाहीं, त्या कामावर लक्ष ठेवणें मनुष्यस्वभावाला जड जातें. लिझन बेनब्रिज या विदुषीनें १९८३ सालीं याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविली: यंत्र सोपें तेवढें काम आपल्याकडे घेतें आणि अवघड तेवढें माणसाकडे ठेवतें, आणि सोप्याचा सराव सुटलेल्या माणसानें अवघड प्रसंगीं एकदम पुढें यावें, अशी अपेक्षा करतें. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें २०१४ सालीं स्वयंचलनाच्या शून्यापासून पांचपर्यंत पायऱ्या आंखून दिल्या. आमची गाडी दुसऱ्या पायरीवरची. त्या पायरीचा अर्थ असा कीं, वेग आणि दिशा यांना यंत्र हात लावील. पाहावयाचें आणि जबाबदार राहावयाचें तें चालकानेंच.

आपल्याकडे ही पायरी फार जुनी आहे. माझे आजोबा कोंकणांतून घाटावर जाणाऱ्या बैलगाड्यांच्या रात्रीच्या तांड्यांविषयीं सांगत. पहिल्या गाडीचा गाडीवान तेवढा जागा असे. त्याच्या गाडीखालीं टांगलेला कंदील झुलत असे, आणि मागचे बैल त्या उजेडाच्या मागोमाग आपलें अंतर राखून चालत. पुढची गाडी थांबली कीं ते थांबत. निघाली कीं निघत. मागचे गाडीवान कासरा मनगटाला गुंडाळून डुलक्या घेत. आजोबा सांगत कीं, कासरा मनगटाला गुंडाळलेला असला तरच ती झोंप शहाणपणाची. कारण बैल बुजला तर पहिला हिसका मनगटाला बसे. आमच्या गाडीला कासरा नाहीं. चाकावर हात नसला तर ती घंटा वाजविते, पण हात चाकावर आणि मन घरीं, असें असलें तर तें तिला ओळखतां येत नाहीं. मनगटाला बांधावयाचा हिसका ज्यानें त्यानें आपला आपण शोधावा. माझा हिसका मागें बसलेला होता.

आश्विनांतल्या एका मंगळवारीं, कांजूरमार्गाच्या अलीकडे, आमची रांग चालत होती आणि डावीकडची पाण्याच्या एका टँकरापाशीं थांबली होती. यंत्र चालूं होतें. पुढची गाडी सरळ चालली होती. म्हणून आमचीही चालली होती, आणि यंत्राच्या शास्त्राप्रमाणें सर्व कांहीं ठीक होतें. टँकरच्या पोटाखालून, दोन चाकांच्या मधून, मला दोन अनवाणी पाय दिसले. ते आमच्या दिशेनें चालले होते. मीं पाय ब्रेकवर ठेवला, आधीं थोडा दाबला, मग जास्त. टँकरच्या आडून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई बाहेर आली, आमच्या गाडीपुढून, चार रेघांच्या त्या मोकळ्या जागेंतून, आमच्याकडे न पाहतां रस्ता ओलांडून गेली. मागच्या गाडीनें हॉर्न दिला. आईनें डोळे उघडून, ‘‘काय झालं रे?’’ म्हणून विचारलें. ‘‘कांहीं नाहीं,’’ मीं म्हटलें. आणि खरोखरच कांहीं झालें नव्हतें. रडारला टँकरमागचे पाय दिसणें शक्य नव्हतें. पण तें अंतर जर एका रेघेचें असतें, तर मला दिसूनही पाणी सांडल्यावांचून राहिलें नसतें, आणि कदाचित् पाण्यावर भागलेंही नसतें.

त्या दिवसापासून त्या मोकळ्या जागेविषयीं माझी कल्पना थोडी बदलली. तोंवर ती मी आईसाठीं राखीत होतों. पण तिच्यांतून चौतीस वाहनें सोयीनें शिरलीं होतीं. मागच्या रांगेंतल्या कोणाकोणाच्या माना त्या जागेमुळें कमी हिसडल्या असतील. आणि एक भाजीवाली तिच्यांतून चालत गेली. यांतल्या कोणालाही ती कोणी राखली हें ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. लोकलच्या बांकावर सरकणाराला तरी चवथा मनुष्य दिसतो. येथें तोही दिसत नाहीं.

डिसेंबरांत डॉक्टरांनीं आईचा पट्टा काढला आणि मंगळवारच्या फेऱ्या संपल्या. आतां ती गच्चीवर फिरते, आणि वाकून तुळशीला पाणी घालूं नये असें सांगितलें असतां घालते. गाडी बहुतकरून मी एकटाच नेतों. मागचें आसन रिकामें असतें, आणि मागून हॉर्न पूर्वींइतकेच वाजतात. अंतराची खूण अजून चार रेघांवर आहे. ती खालीं आणण्याचें कारण मला अद्याप सांपडलेलें नाहीं.